उचलता येईल तेवढीच गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

ॲडव्हेंचर मोटरसायकल, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांवर लांब जाणारी गाडी, घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये ठरलेले प्रश्न विचारतो. इंजिन किती सीसीचं, ताकद किती, ॲव्हरेज किती, रंग कोणते. माझं म्हणणं आहे की या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारावा, आणि तो विक्रेत्याला नव्हे, स्वतःला. ही गाडी आडवी पडली, आणि आसपास कुणी नसलं, तर मला एकट्याला उचलता येईल का?

नव्या कोऱ्या गाडीसमोर उभं राहून पडण्याच्या गोष्टी कशाला, असं वाटेल. पण ही गाडी ज्या कामासाठी बनली आहे, त्यात पडणं धरलेलंच असतं. सैल खडीवर पडते, चिखलात पडते. आणि पुष्कळदा ती वेगात नाही, उभ्याउभ्याच पडते. अरुंद वाटेवर गाडी वळवून घ्यायची असते, उतार असतो, पाय टेकायला जावं तिथे नेमका खळगा निघतो. गाडी थोडी कलते तोवर सावरता येते. एका मर्यादेपलीकडे गेली की सोडून देऊन बाजूला होणं हाच शहाणपणा. तिथे पाय मध्ये घालणाऱ्याचा पाय मोडतो.

सीटची उंचीही इथेच नडते. खडकाळ वाटेवरून इंजिनचं बूड घासू नये म्हणून गाडी उंच ठेवावी लागते, चाकाला वरखाली व्हायला जास्त जागा लागते, म्हणून सीट ८५० मिलिमीटरच्या आसपास जाते, काही गाड्यांत त्याच्याही वर. बेताच्या उंचीच्या माणसाची फक्त बोटं टेकतात. सपाट फरशीवर त्याचं काही वाटत नाही. गाडी घ्यायच्या आधी ती तिरप्या जमिनीवर उभी करून बघा, म्हणजे खरं काय ते कळतं.

आता या गाड्या एवढ्या जड झाल्या कशा, हे जरा पाहू. पॅरिस ते सेनेगलमधलं डकार अशी वाळवंटातून जाणारी पॅरिस-डकारची पहिली शर्यत २६ डिसेंबर १९७८ला पॅरिसहून सुटली आणि जानेवारी १९७९मध्ये डकारला संपली. ती जिंकली सिरिल नव्ह याने, यामाहाच्या एक्सटी ५०० गाडीवर. एकच सिलिंडर, किकने चालू होणारं इंजिन, वजन दीडशे किलोच्या आसपास. पुढे १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस आणली. आठशे सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, चेनऐवजी शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा, मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं, आणि तरीही वजन २०० किलोच्या आत. १९८१ची डकार युबेर ऑरिओलने बीएमडब्ल्यूवर जिंकली आणि लांबचा प्रवास करणाऱ्या लोकांना वाटायला लागलं की हीच आपली गाडी. यात चूक काही नव्हती. मात्र त्यानंतर प्रत्येक नव्या मॉडेलात काहीतरी वाढत गेलं. मोठी टाकी, मोठी काच, गरम होणाऱ्या मुठी, इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन. त्याच घराण्यातली आर १२५० जीएस पेट्रोल भरून २४९ किलोची आहे आणि तिची मोठ्या टाकीची ॲडव्हेंचर आवृत्ती २६८ किलोची. गुळगुळीत रस्त्यावर दिवसभर चालवायला तिच्यासारखी गाडी मिळणार नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. प्रश्न रस्ता संपल्यावरचा आहे.

आणि या जातीची गाडी नसली तर प्रवासच होत नाही, असंही नाही. लंडनची एल्सपेथ बिअर्ड आर्किटेक्चरचं शिक्षण घेत असताना १९८२ साली जगप्रवासाला निघाली आणि १९८४ साली परतली. गाडी कोणती, तर बीएमडब्ल्यू आर ६०/६, १९७४ची, साधी रस्त्यावरची सहाशे सीसी गाडी. सामानाच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या तिने वाटेत सिडनीला स्वतःच्या हाताने बनवल्या. हे उदाहरण मी मुद्दाम अशांना सांगतो, जे अमुक गाडी मिळेपर्यंत निघायचंच नाही असं ठरवून बसलेले असतात.

बरं, गाडी पडली. आता उचलायची कशी?

पहिलं काम, इंजिन बंद करा. मग घाई करू नका. आपल्याला लागलं आहे का ते पाहा, पाणी प्या, श्वास ठिकाणावर येऊ द्या. घाईत उचलायला गेलेल्या माणसाची कंबर धरते आणि मग गाडी उभी राहिली तरी चालवायला माणूस राहत नाही. सामानाच्या बॅगा सुटत असतील तर काढा. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर डावीकडचं साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर मोठ्या कष्टाने उचललेली गाडी तुमच्या हातून पलीकडच्या अंगावर जाते. गाडी गिअरमध्ये टाका, म्हणजे उचलताना चाक फिरणार नाही. ज्या अंगावर पडली त्या बाजूला हँडल पूर्ण वळवा, म्हणजे खालची मूठ टाकीच्या जवळ येते. आता गाडीकडे पाठ करून बसा, कमरेखालचा भाग सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने ती मूठ धरा, दुसऱ्या हाताने मागची चौकट. पाठ ताठ ठेवून पायांनी रेटा द्या आणि बारीक बारीक पावलं टाकत मागे सरका. सगळी ताकद मांड्यांची, हातांचं काम फक्त धरून ठेवण्याचं. गाडी उतारावर पडली असेल आणि चाकं चढाच्या बाजूला असतील, तर आधी ती जमिनीवरच फिरवून चाकं उताराकडे आणा. उलट्या दिशेने उचलायला गेलात तर दुप्पट जोर लागेल.

हे ऐकून जमत नाही. गवतावर किंवा जुन्या गादीवर गाडी मुद्दाम आडवी करून, सोबत एक माणूस ठेवून, दोनतीनदा उचलून बघावी लागते. तिथेच कळतं की १८० किलो आणि २५० किलो यांत किती अंतर आहे.

क्रॅश बार म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंचे दांडे, आणि इंजिनखालची जाड पत्र्याची ढाल, गाडी पडणार हे धरूनच लावायची. मुठींवरचे गार्ड घ्यायचे तर आतून ॲल्युमिनियमची पट्टी असलेले घ्या. नुसते प्लॅस्टिकचे असतात ते वाऱ्यापुरते. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरची पकड हँडलवर फार घट्ट आवळू नका. पडल्यावर लिव्हर जागेवर फिरली तर वाचते, फिरली नाही तर तुटते. जादा लिव्हरची जोडी सामानात असावीच, तिला ना वजन ना जागा लागते.

सामानाकडे येतो. ॲल्युमिनियमच्या दोन चौकोनी पेट्या लावलेली गाडी फोटोत फार देखणी दिसते. पण त्या रिकाम्या पेट्या आणि त्यांची चौकट मिळूनच पंधरावीस किलो होतात, अजून आत एक शर्टसुद्धा गेलेला नसतो. शिवाय कच्च्या वाटेवर आधारासाठी पाय खाली टाकला आणि गाडी पुढे सरकली, तर पोटरी पेटीखाली सापडते. पेट्यांना कुलूप लागतं, पावसात आतलं कोरडं राहतं, हे गुण मोठेच. मुक्काम शहरांत आणि वाटा डांबरी असतील तर पेट्याच घ्या. वाटा कच्च्या असतील तर मऊ बॅगा. दोन्ही बाबतीत जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वर आणि मागे. हत्यारं, पाणी, जादा ट्यूब हे मागच्या टपावर ठेवणाऱ्याची गाडी वाळूत पुढून हलकी होते आणि हँडल ऐकेनासं होतं.

सामान चढलं की सस्पेन्शन पुन्हा जुळवायला हवं, आणि हे काम नव्वद टक्के लोक करत नाहीत. हा आकडा कुठल्या पाहणीतला नाही, माझ्या चिडचिडीतला आहे. पूर्ण सामानासकट तुम्ही गाडीवर बसलात की मागचं सस्पेन्शन आपल्या एकूण चालीच्या, म्हणजे वरखाली होण्याच्या पूर्ण अंतराच्या, साधारण एक तृतीयांश खाली यावं. त्याहून जास्त बसत असेल तर स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, वाढवा. पुष्कळ गाड्यांत त्याला हाताने फिरवायची मूठ असते. ते केलं नाही तर रात्री हेडलाइट आभाळाकडे बघतो आणि प्रत्येक खड्ड्याला शॉक ॲब्सॉर्बर तळाला आपटतो.

पुढचं चाक २१ इंची असेल तर ते दगडधोंड्यांवरून सहज चढून जातं; १९ इंची असेल तर डांबरी वळणांवर गाडी चटकन वळते. तारांच्या म्हणजे स्पोकच्या चाकाची रिम ठोकर खाऊन वाकते आणि पुष्कळदा ठोकून सरळही होते, अलॉयचं चाक तडकू शकतं. उलट अलॉयमध्ये ट्यूबलेस टायर बसतो आणि पंक्चर चाक न काढताच, बाहेरून चिकट दोरी खुपसून निघतं. स्पोक रिमच्या कडेला बसवलेली ट्यूबलेस चाकंही आता मिळतात, पण महाग. ट्यूबवाली चाकं असतील तर टायर रिमवरून उतरवण्याचा सराव घरी करा. आणि २१ इंची जादा ट्यूब जवळ ठेवा. अडचणीच्या वेळी ती मागच्या १८ इंची चाकातही कोंबून वेळ मारून नेता येते. मागच्या चाकाची ट्यूब मात्र पुढे चालत नाही.

भरल्या गाडीला मागच्या टायरात ४० पीएसआयच्या आसपास हवा सांगितलेली असते. खडीवर ती २५ ते २८पर्यंत उतरवली की टायर जमिनीला बिलगतो आणि गाडी एकदम शहाण्यासारखी वागायला लागते. फार खाली जाऊ नका, दगडावर रिम आपटते, ट्यूब सरकून व्हॉल्व्ह फाटतो. आणि डांबर लागलं की हवा परत भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप सोबत हवा.

कच्च्यावर उभं राहून चालवायचं ते ऐट म्हणून नाही. आपलं वजन फूटपेगवरून जातं, गुडघे-घोटे हादरे पितात, खाली गाडी हवी तशी हलू शकते. उभं राहिल्यावर वाकावं लागत असेल तर हँडल थोडं वर घ्या. मागच्या चाकाचं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बंद करायची सोय असेल तर सैल उतारावर ती वापरा. तिथे एबीएस ब्रेक सोडत राहतं आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. लॉक झालेलं चाक पुढे खडीचा ढीग जमवतं आणि त्याला अडून थांबतं.

ओढा लागला तर आधी चालत जाऊन तळ पाहा. पाणी एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत पोचत असेल तर परत फिरा. पाण्यात गाडी पडली तर इंजिन ताबडतोब बंद, आणि बाहेर काढल्यावर स्टार्टर दाबायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर उडवा, एअर फिल्टर पाहा, तेल दुधाळ झालं आहे का पाहा. प्लगचा पाना कुठे ठेवला आहे हे तेव्हा शोधत बसू नये.

रोजच्या देखभालीत चेन आणि एअर फिल्टर ही दोनच नावं लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं. चेनबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. या गाड्यांचं मागचं चाक खूप वरखाली होतं. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चाक, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवर उभ्या रिकाम्या गाडीत चेन सैल वाटते म्हणून आवळली, तर सामान चढल्यावर ती तंतासारखी ताठ होते आणि आतलं बेअरिंग खाते. कंपनीने ढील जेवढी दिली असेल तेवढी ठेवा, शंका असेल तर किंचित जास्त. धुळीत धावणाऱ्या गाडीचा फिल्टर सर्व्हिसची वाट पाहत नाही. सोबत्याच्या धुळीत दिवसभर चालवलं असेल तर संध्याकाळी उघडून पाहा.

दिवसाला किती अंतर, हा प्रश्न लोक मला हमखास विचारतात. डांबरावर चारशे किलोमीटर सहज होतात, कच्च्यावर दीडशे झाले तरी अंग बोलतं. दमलेला माणूस दुपारनंतर गाडी पाडतो, आणि तेव्हाच ती सगळ्यात जड असते.

दुसऱ्या देशात स्वतःची गाडी न्यायची तर काही देशांत कार्ने द पासाज नावाचं कस्टमचं हमीपत्र लागतं. गाडी तिथे विकली जाणार नाही, परत बाहेर नेली जाईल, एवढीच त्याची हमी. प्रत्येक सीमेवर येताना आणि जाताना शिक्का घ्या. जातानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी त्या देशातच अडकते आणि हमीची रक्कम धोक्यात येते.

ज्यांना जुनी गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी एवढंच. रंग आणि स्टिकर बघू नका, गाडीच्या खाली वाका. ढालीवर ओरखडे असले तर बिचकू नका, ढाल नवी आणि फ्रेमला पोचे असले तर बिचका. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्ये कुठे अडल्यासारखं वाटलं तर बेअरिंग गेलं. रिमवर बोट फिरवा, स्पोक टिचकीने वाजवून पाहा, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. एअर फिल्टरच्या खोक्यात आतल्या बाजूला बारीक धूळ असेल तर ती इंजिनमध्येही गेली असणार, तिथून निघा. आणि सगळं पसंत पडलं, तर मालकाच्या परवानगीने ती गादीवर आडवी करून एकदा उचलून बघा. परवानगी नाही मिळाली तर तेवढ्याच वजनाची मित्राची गाडी शोधा, पैशाची बोलणी त्यानंतर.

नमस्कार.