गोळी कोण बदलणार?

(दृश्य: ओपीडीबाहेरचा बाक. मांडीवर जाड फाइल, शेजारी औषधांची पिशवी.)

एकाच माणसाला मधुमेह, हृदयविकार आणि किडनीचा त्रास. तीन डॉक्टर, तीन फायली. हृदयाच्या डॉक्टरांनी पायांवरची सूज पाहून लघवीची गोळी वाढवली. सूज उतरली, पण रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढणारा आकडा, चढलं. किडनीच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात. तोवर ही गोळी कमी करायची कुणी?

एकात्मिक सेवेची, म्हणजे सगळ्यांचे उपचार एकमेकांशी जुळवण्याची, खरी परीक्षा इथे होते.

(दृश्य: नर्स रुग्णाच्या घोट्यावर बोट दाबून सूज तपासते.)

या ॲडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनर. नर्सिंगचा अनुभव आणि त्यावर साधारण मास्टर्सच्या पातळीचं शिक्षण. त्या तपासतात, निदान करतात, आणि कायदा परवानगी देतो तिथे औषधही लिहून देतात. नुसत्या समन्वयकाला इथे फोनच फिरवत बसावं लागलं असतं. या नर्स मात्र वजन, बीपी, पोटॅशियम बघून डोस उतरवतात, दोन्ही डॉक्टरांना कळवतात, आणि घरच्यांना बजावतात: तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर लगेच फोन करा. आवाक्याबाहेरचं वाटलं, तर रुग्ण तडक तज्ज्ञांकडे.

ही भूमिका कालपरवाची नाही. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या १,३१६ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत नर्स प्रॅक्टिशनरकडचे आणि डॉक्टरांकडचे रुग्ण सहा महिन्यांनी जवळपास सारख्याच तब्येतीत आढळले. तरी ‘डॉक्टर मिळेना म्हणून नर्स’ हा शेरा काही सुटत नाही. असो.

(दृश्य: बैठकीची खोली. भिंतीवर डिस्चार्जनंतरच्या सेवेचा आराखडा.)

इंग्लंडच्या २०१७ च्या आराखड्यानं प्रगत क्लिनिकल कामाचे चार खांब सांगितले: रुग्णसेवा, नेतृत्व, शिक्षण, संशोधन. पण दिवसभर रुग्णांची रांग असेल, तर उरलेले तीन खांब कागदावरच राहतात. जुलै २०२२ मध्ये तिथे ४२ एकात्मिक सेवा यंत्रणांना, म्हणजे एका भागातली रुग्णालयं, स्थानिक डॉक्टर आणि स्थानिक प्रशासन यांना जोडणाऱ्या व्यवस्थांना, कायद्याचा आधार मिळाला. घरी सोडलेल्या रुग्णाला कोण, किती दिवसांत भेटणार, तपासणीचे आकडे कुणाकडे जाणार, हे अशा ठिकाणी ठरतं. दोन खात्यांच्या मधे रुग्ण नेमका कुठे अडकतो हे ज्यांना रोज दिसतं, त्या नर्सला या बैठकीत बोलावणं पुरेसं नाही. मत द्यायचा अधिकार हवा. आणि त्यासाठी ड्युटीच्या तक्त्यात राखून ठेवलेले तास.