खानोलकरांचा एच-इंडेक्स किती?

आजच्या विषयाचं नाव भारदस्त आहे: कर्करोग संशोधकाचं प्रकाशित लेखन आणि त्याचा विद्वत्-प्रभाव. मी तो एका साध्या प्रश्नावर आणून ठेवतो. डॉ. वसंत रामजी खानोलकर आज पदोन्नतीच्या मुलाखतीला बसले असते, तर त्यांचा एच-इंडेक्स किती भरला असता?

समोर प्राध्यापक मंडळी दिसताहेत. त्यांना एच-इंडेक्स समजावायला नको. 2010 नंतर एपीआय या यूजीसीच्या गुणमोजणीने असली मापं त्यांना पुरती शिकवली आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये हे माप सुचवलं. संशोधकाचे सगळे पेपर सायटेशनच्या, म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत दिलेल्या दाखल्यांच्या, उतरत्या क्रमाने लावायचे. 20 पेपरांना प्रत्येकी किमान 20 सायटेशन असतील, पण 21 पेपरांना प्रत्येकी 21 नसतील, तर त्याचा एच 20. माप सोपं आहे, म्हणून ते चाललं. समितीला पेपर वाचावा लागत नाही, हाही त्याचा एक गुण.

आता खानोलकर. जन्म 1895 चा, घराणं गोमंतकीय, पॅथॉलॉजीचं शिक्षण लंडनला. मुंबईत ते सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवत. 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. त्यांच्या नावावर शंभराहून जास्त पेपर आहेत. कर्करोगावर आहेत, कुष्ठरोगावर आहेत, मुंबईतल्या वेगवेगळ्या जातिसमूहांच्या आनुवंशिकतेवरही आहेत. त्यातल्या एकाच पेपरापाशी मी आज बराच वेळ थांबणार आहे.

हा पेपर 1945 मध्ये अमेरिकेतल्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’त आला. लेखक दोन, खानोलकर आणि बी. सूर्याबाई. पानं अकरा. विषय होता लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांचं नातं, आणि भारतात दिसणारे तीन प्रकार. पहिला खैनीचा. बिहार-उत्तर प्रदेशाकडचा माणूस तंबाखू-चुना मळून खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगतच्या खाचेत धरून ठेवतो, आणि गाठ नेमकी तिथेच येते. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्याकडे, विशेषतः बायका, चुट्टा पेटवून जळतं टोक तोंडात धरतात. तिथे कर्करोग टाळूला होतो. टाळूचा कर्करोग एरवी इतका सहसा दिसत नाही. तिसरा धोतराचा. कमरेला त्याच जागी वर्षानुवर्षं करकचून धोतर बांधल्याने कातडी काळवंडते, जाड होते, मग चरते, आणि काहींच्या बाबतीत ती जखम पुढे कर्करोगात जाते.

यातली खरी गंमत पॅथॉलॉजिस्टलाच पटकन कळेल. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की तिन्ही ठिकाणी दिसतो स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या किंवा तोंडाच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग. खैनी कुठली, चुट्टा कुठला आणि धोतर कुठलं, हे ती काचपट्टी तुम्हाला सांगत नाही. त्यासाठी उठून रुग्णाकडे जावं लागतं. काय खाता, तोंडात कुठल्या बाजूला धरता, किती वेळ, झोपताना थुंकता की तसंच ठेवता, धोतर कसं नेसता, हे विचारावं लागतं. प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाने ही चौकशी मनावर घेतली आणि रोगाचं वर्गीकरण पेशीवरून न करता माणसाच्या वहिवाटीवरून केलं. कर्करोगाचं प्रमाण देशोदेशी वेगळं का, याचं उत्तर त्या काळी वंशात शोधलं जात असे. वंश बदलता येत नाही, तंबाखू धरायची सवय मात्र मोडता येते. त्या अकरा पानांचं वजन मला तरी इथे जाणवतं.

या पेपराला सायटेशन किती? आकडा तुम्ही कुठे बघता त्यावर ते अवलंबून आहे. स्कोपससारख्या, संशोधन-लेखांच्या संगणकीय सूचीत संदर्भयाद्या जोडल्या आहेत त्या 1970 च्या आसपासपासून पुढच्या लेखनाच्या. म्हणजे 1945 च्या पेपराची पहिली 25 वर्षं, जेव्हा तो ताजा होता आणि लोक त्याच्याशी वाद घालत होते, ती त्या हिशेबात जवळपास येतच नाहीत. मुलाखतीच्या टेबलावर खानोलकरांच्या नावापुढे जो आकडा पडेल, त्यात त्यांची उमेदीची वर्षंच नसतील.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. एखादी गोष्ट सर्वमान्य झाली की तिचा दाखला देणं बंद होतं. पेनिसिलिन लिहून देताना कोणी फ्लेमिंगचा पेपर नमूद करत नाही. कर्करोगाच्या ओपीडीत केसपेपरवर आज ‘तंबाखू / मिश्री / सुपारी / बिडी: किती वर्षं?’ अशी ओळ असते. ती भरणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरला ती कुठून आली हे ठाऊक असायची गरज नाही. ती ओळ एकट्या खानोलकरांनी आणली असं मी म्हणणार नाही, पण ज्यांनी आणली त्यांच्यात ते आघाडीवर होते. आणि केसपेपरला संदर्भयादी नसते.

2024 च्या अखेरीस ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन स्त्रियांची हकिगत आली. वर्धा आणि बिहार इथल्या डॉक्टरांनी ती लिहिली होती. परकराची नाडी किंवा लुगडं वर्षानुवर्षं कमरेला घट्ट बांधल्याने झालेल्या जखमेत कर्करोग निघाला होता. वर्तमानपत्रांनी ही बातमी अगदी नवीन म्हणून छापली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर धुमाकूळ झाला. मधल्या काळात ‘साडी कॅन्सर’ या नावाने मुंबईच्या डॉक्टरांनीही लिहिलं होतंच. परळच्या प्रयोगशाळेतून धोतराची गोष्ट सांगितली गेली त्याला तोवर 79 वर्षं झाली होती. बातमी वाचून घाबरलेल्यांना एवढंच सांगतो की हा कर्करोग फार दुर्मिळ आहे. नाडी सैल बांधा, जागा बदला, आणि कमरेची जखम महिनोन् महिने भरत नसेल तर दाखवा.

1955 साल मला फार आवडतं. मे महिन्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा पेपर आला. कर्करोगाचे रुग्ण आणि कर्करोग नसलेले लोक यांच्या सवयींची त्यांनी रीतसर तुलना केली होती. तंबाखू चघळण्याचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी आणि ओढण्याचा संबंध घशाच्या आतल्या भागाशी जास्त, असं त्यातून निघालं. 1945 मध्ये जे नजरेने टिपलं होतं ते आता आकड्यांनी दाखवलं. त्याच वर्षी जुलैत यूजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’मध्ये सायटेशनची सूची करावी अशी कल्पना मांडली. ती त्यांनी मांडली ती एखादा विचार पुढे कुठे गेला, त्यावर कोणी आक्षेप घेतला, हे माग काढत वाचता यावं म्हणून. आपण तिचं रूपांतर बढतीच्या तक्त्यात केलं.

तो माग इथे काढून बघा. 1963 मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू केली, देशातली पहिली. 1987 मध्ये बार्शीला पहिली ग्रामीण नोंदणी आली. बार्शीच्या नोंदणीवाल्यांना रुग्णाची वाट बघत बसून चालत नव्हतं, गावोगाव जाऊन माणसं शोधावी लागत. 1985 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखू खाण्याच्या सवयींवर स्वतंत्र खंड काढला, त्यात भारतातलं काम ठिकठिकाणी आहे. 2012 च्या जुलैत महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. पानाच्या टपरीवर ती किती पाळली जाते हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पण त्या आदेशामागे पुराव्याचा जो ढीग आहे त्याच्या तळाशी 1945 आणि 1955 चे हे पेपर आहेत. सरकारी अधिसूचना सायटेशन म्हणून मोजली जात नाही.

मग सायटेशन निरुपयोगी का? नाही. पेपर कोणी वाचला, कुठल्या देशात पोचला, हे त्यातून कळतं. फक्त किती चांगला, हे कळत नाही. हॅनाहान आणि वाइनबर्ग यांचा 2000 सालचा लेख कर्करोगाच्या वाङ्मयात सर्वाधिक उद्धृत झालेल्यांपैकी आहे. त्यात नवा प्रयोग एकही नाही; पसरलेला विषय त्यांनी नीट लावून दाखवला, आणि ते कामही मोठंच आहे. उलट पेटन राउस यांनी 1911 मध्ये कोंबडीतला कर्करोग विषाणूने पसरतो हे दाखवलं. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, आणि नोबेल मिळालं 1966 मध्ये, वयाच्या 87व्या वर्षी. आणि 2012 मध्ये बेग्ली आणि एलिस यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं ते अस्वस्थ करणारं होतं: अ‍ॅमजेन या औषध कंपनीत कर्करोगावरचे 53 गाजलेले अभ्यास पुन्हा करून बघितले, तर जेमतेम 6 खरे उतरले. न उतरलेल्यांपैकी काहींच्या आधारावर शेकडो पेपर लिहिले गेले होते.

डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी थोडं बोलायलाच हवं. पुण्याच्या, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळावर एम.एस्सी. केली, मग खानोलकरांच्या हाताखाली 1949 मध्ये पीएच.डी., आणि पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे; हेला पेशी, म्हणजे शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेल्या पहिल्या मानवी पेशी, जिथे वाढवल्या गेल्या तीच ही प्रयोगशाळा. परत येऊन त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. पेपर दोनशेच्या वर. पण शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवायचं तंत्र त्यांच्याकडून शिकलेल्यांनी पुढे जे पेपर लिहिले, ते त्या त्या लेखकांच्या खात्यावर आहेत. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या राजूरला आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम करत होत्या. एच-इंडेक्सच्या दृष्टीने तो काळ कोराच.

शेवटी टाटा मेमोरियलचाच अलीकडचा दाखला. 1998 मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर एक चाचणी सुरू झाली. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवलं आणि त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची पातळ व्हिनेगर लावून, आणि स्तनांची हाताने, तपासणी करून घेतली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. स्तनांच्या तपासणीचा 20 वर्षांचा निष्कर्ष 2021 मध्ये ‘बीएमजे’त आला: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी, सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर घट इतकी थोडी की ती योगायोगही असू शकते. म्हणजे 20 वर्षांच्या कामाचे मुख्य पेपर जेमतेम दोन. एवढ्या काळात प्रयोगशाळेतला हुशार माणूस शंभर काढतो. आणि 2016 मध्ये केंद्राने तपासणीचा जो आराखडा काढला, त्यात व्हिनेगरची ही पद्धतही आहे आणि स्तनांची हाताने तपासणीही.

याच चाचणीवर कडक टीकाही झाली. तुलनेसाठी घेतलेल्या स्त्रियांना आरोग्यशिक्षण मिळालं, तपासणी मिळाली नाही. उपयुक्त चाचण्या जगात उपलब्ध असताना हे नैतिक कसं, असा प्रश्न ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये विचारला गेला. संशोधकांचं म्हणणं होतं की त्या वस्त्यांत प्रत्यक्षात तपासणीची सोयच नव्हती. मला दोन्ही बाजू कळतात, आणि टीकाकारांचा प्रश्न अजून मिटला आहे असं वाटत नाही. त्या वादातला प्रत्येक लेख मूळ चाचणीचा संदर्भ देतो, आणि सूचीत कौतुकाच्या लेखाने आकडा जितका वाढतो तितकाच टीकेच्या लेखानेही वाढतो.