डीएक्स-७ चा सेल बदलताना

[दृश्य: यामाहा डीएक्स-७. पडद्यावर आवाजाच्या नावाऐवजी अगम्य अक्षरं.]

१९८३ साली आलेलं हे वाद्य, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारा कीबोर्ड, सिंथेसायझर. पट्टी दाबली की कधी नुसती खरखर, कधी काहीच नाही. पण वाद्य बिघडलेलं नाही. आतला एक बटन सेल संपलाय.

याच्या मेमरीत ३२ आवाज मावतात. प्रत्येकी १२८ बाइट, म्हणजे सगळे मिळून ४०९६. वाद्य चालू असताना मेमरीला पॉवर सप्लायकडून वीज मिळते. स्विच बंद केला की तिला जिवंत ठेवतो तो हा ३ व्होल्टचा सेल. मेमरी वीज ओढते ती काही मायक्रोअँपिअर, त्यामुळे सेल वर्षानुवर्षं टिकतो आणि सगळे त्याला विसरून जातात.

[दृश्य: बोट १४ नंबरच्या बटणावर.]

फंक्शन दाबा, मग १४. सेलचा व्होल्टेज पडद्यावर येतो. नवा सेल ३ च्या आसपास दाखवतो. आकडा २.५ च्या खाली गेला असेल तर अजून थांबण्यात अर्थ नाही.

मात्र लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलू नका. सेल निघाला की ३२ च्या ३२ आवाज जातात, आणि मूळ आवाज परत आणणारं फॅक्टरी रीसेट या वाद्यात नाही. म्हणून आवाज अजून शाबूत असतील तर आधी बॅकअप. मिडी म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत. वाद्याच्या मिडी आउटमधून केबल काढून कॉम्प्युटरच्या मिडी इंटरफेसच्या इनमध्ये लावा. फंक्शन, मग ८ नंबर पुन्हा पुन्हा दाबत ‘सिस इन्फो’वर या आणि ‘येस’ दाबून ते ‘अव्हेल’ (उपलब्ध) करा. पुन्हा ८ दाबलं की ‘मिडी ट्रान्समिट’ विचारतं, तिथेही ‘येस’. सव्वा-दीड सेकंदात काम होतं.

आता कॉम्प्युटरवर सेव्ह झालेली फाइल किती मोठी आहे ते बघा. ती बरोब्बर ४१०४ बाइट हवी: ४०९६ आवाजांचे, बाकीचे ८ मिडीच्या निरोपाचे. एक बाइट जरी कमी भरला, तरी तो बॅकअप नव्हे. स्वस्तातले यूएसबी इंटरफेस लांबलचक निरोप अर्ध्यातच तोडतात. फसगत होते ती बहुतेक इथेच.

[दृश्य: प्लग सॉकेटमधून निघतो. झाकण उघडतं.]

प्लग काढा. नुसता स्विच बंद करून चालणार नाही. स्क्रू निघतील त्या क्रमानं कागदावर मांडा, लांबी सारखी नसते. झाकण सावकाश उचला, खाली रिबन केबल आहेत.

हा सेल. दोन्ही बाजूंना पत्र्याचे पाय, आणि ते बोर्डावर सोल्डर केलेले. काढण्यापूर्वी फोटो घ्या, अधिक-उणे कुठे आहे ते दिसेल असा. मग सोल्डर वितळवून पंपानं ओढून घ्या. सोल्डर जुनं असतं, सहज वितळत नाही. थोडं नवं लावलं की सुटतं. पाय जोरानं ओढलात तर बोर्डावरचा तांब्याचा पॅडच उखडून येईल.

नवीन सीआर२०३२ घ्या, पाय जोडलेला. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका. उष्णतेनं त्याचं सील जातं, सेल फुटूही शकतो. त्याहून बरं म्हणजे होल्डर बसवणं. पुढच्या वेळी सोल्डरिंग आयर्न तापवायला नको. होल्डरचे पाय बोर्डाच्या भोकांशी जुळले नाहीत तर दोन छोट्या वायरी जोडा आणि होल्डर दुहेरी टेपनं घट्ट चिकटवा. चार्ज होणारा एलआयआर२०३२ दिसतो अगदी तसाच, पण तो इथे चालत नाही.

काही जण आवाज वाचवायला वाद्य चालू ठेवूनच सोल्डर करतात. आयर्नचं टोक अर्थला जोडलेलं असतं, शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. शिवाय शेजारीच मेनचा करंट उघडा. ४१०४ बाइटची फाइल हाताशी असताना हा उद्योग कशाला?

[दृश्य: झाकण बंद. पडदा चालू होतो.]

प्लग लावा. वाद्य अमेरिकेतून आणलेलं असेल तर ते १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० ला लावताना मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. ‘मेमरी प्रोटेक्ट इंटर्नल’ दाबून ‘नो’ करा, ‘सिस इन्फो’ पुन्हा ‘अव्हेल’ आहे ना ते बघा, आणि फाइल उलट दिशेनं, मिडी इनमधून पाठवा. नावं परत दिसू लागतील.

पण इतक्यात झालं म्हणू नका. वाद्य चालू असताना मेमरी सेलवर नसतेच, त्यामुळे कच्चा सोल्डर किंवा उलटा बसवलेला सेल नावं बघून आत्ता कळणार नाही. प्लग काढून रात्रभर ठेवा. सकाळी तीच ३२ नावं दिसली तर सेल नीट बसलाय.