आभाळ मोकळं झालं की भीती वाटणारं शहर

हे चीनमधलं चोंगकिंग बघा, एका बाजूला यांगत्से नदी, दुसऱ्या बाजूला च्यालिंग नदी, आणि मधल्या खडकाळ टेकडीवर चढत गेलेलं शहर. युद्धात जपान्यांनी चीनची राजधानी नानजिंग घेतली, १९३८ मध्ये वुहान पण घेतलं, आणि चीनचं सरकार मागे सरकत सरकत इथे येऊन बसलं. डोंगर आणि घाट ओलांडून जपानी फौज इथवर येणं अवघड होतं, म्हणून मग विमानं पाठवली, आणि ती जवळपास पाच वर्षं येत राहिली.

हिवाळ्यात इथे धुकं असं दाट उतरतं की वरून काही म्हणजे काहीच दिसत नाही, ते धुकं म्हणजेच शहराचं पांघरूण. त्याच धुक्याच्या दिवसात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर इथे होते, वडील गेल्याची बातमी त्यांना इथेच कळली, आणि तरी ते घरी न परतता पुढे येनानला, चिनी कम्युनिस्टांच्या तळावर गेले.

मग मे आला, धुकं विरलं. १९३९ ची ३ आणि ४ मे. लाकडाची, बांबूची एकाला एक चिकटलेली घरं आणि वरून आग लावणारे बॉम्ब, दोन दिवसात चार हजारांच्या आसपास माणसं गेली.

त्यानंतर सगळ्यांची नजर टेकडीवरच्या खांबाकडे. लाल कंदील चढला की विमानं निघालीत, दुसरा चढला की पोरंबाळं, गाठोडी घेऊन खडकात खोदलेल्या बोगद्यांकडे पळायचं. आणि चांदणी रात्र असली तर जास्तच धाकधूक, शहरातले सगळे दिवे विझवले तरी दोन्ही नद्या खाली चकाकायच्या ना, त्या कशा झाकणार! आपण कोजागरीला दूध घेऊन गच्चीवर बसतो, तसलाच चंद्र तो, आणि आई लेकरांना उचलून जमिनीखाली धावतेय.

५ जून १९४१. संध्याकाळी विमानं आली, एक तुकडी गेली की दुसरी, असं तासन् तास. मोठ्या बोगद्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली, आत हवा खेळती ठेवायची सोय धड नाही, जीव गुदमरला तसे लोक तोंडाकडे धावले आणि जिन्यांवर एकमेकांवर पडले. बॉम्ब त्यांना लागलाच नाही, श्वासच संपला. सरकारी आकडा हजाराच्या आसपास, बाकीचे अंदाज त्याच्या खूप पुढे. वाचायला म्हणूनच तर ते आत शिरले होते, हे मनातून जातच नाही.

जपान सरकारने माफी मागावी आणि भरपाई द्यावी म्हणून या हल्ल्यांतून वाचलेले आणि त्यांच्या घरचे २००६ पासून टोकियोच्या कोर्टात गेले, २०१५ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं. चोंगकिंगमध्ये मात्र दरवर्षी ५ जूनला भोंगे वाजतात.