फायनलच नसलेला वर्ल्डकप

नमस्कार मंडळी! आज जरा जुनी गोष्ट काढतोय, १९५० ची, ब्राझीलमधल्या फुटबॉल वर्ल्डकपची. गंमत म्हणजे त्या वर्ल्डकपला फायनल ठेवलेलीच नव्हती! ब्राझील, उरुग्वे, स्वीडन, स्पेन असे चौघं शेवटच्या गटात, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, पॉइंट ज्याचे जास्त कप त्याचा. (आपणही क्वालिफाय झालो होतो बरं का, पण टीम गेलीच नाही. अनवाणी खेळण्याची ती कथा परत कधीतरी.)

तर ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं धुतलं. उरुग्वेची स्पेनशी बरोबरी, स्वीडनशी कसंबसं ३-२. शेवटची मॅच १६ जुलैला, रिओच्या नव्याकोऱ्या माराकाना स्टेडियमवर, ब्राझीलला नुसता ड्रॉ पुरत होता, आणि तिकीट काढून आलेलेच पावणेदोन लाखाच्या घरात!

हाफटाइमनंतर दोनच मिनिटांत ब्राझीलच्या फ्रियासाचा गोल, लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. उरुग्वेचा कॅप्टन ओब्दुलिओ वारेला काय करतो, बॉल काखोटीला मारतो आणि रेफ्रीशी हुज्जत घालत बसतो, ऑफसाइड होता म्हणून. गोल काही रद्द होत नसतो हो, पण तेवढ्यात ब्राझीलची लय मोडली ना!

६६ व्या मिनिटाला उरुग्वेचा घिगिया उजवीकडून पळत आला, क्रॉस दिला, स्कियाफिनोने मारला. १-१. अजूनही कप ब्राझीलचाच. ७९ व्या मिनिटाला घिगिया परत त्याच बाजूने आला, गोलकीपर बार्बोसाला वाटलं आता परत क्रॉस, म्हणून तो जरासा सरकला, जवळच्या पोस्टपाशी फट राहिली आणि याने बॉल तिथूनच आत घातला. खलास. मला विचाराल तर बार्बोसाचं काय चुकलं? तेरा मिनिटांपूर्वी तस्संच घडलं होतं की! पण लोकांनी त्याला जन्मभर सोडलं नाही, तो म्हणायचा की ब्राझीलमध्ये मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची, माझी पन्नास झाली तरी संपत नाही. २००० साली गेला बिचारा.

फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे पोर्तुगीजमध्ये भाषण तयार करून आलेले, ते खिशातच राहिलं, गर्दीत वारेलाला शोधून कप हातात दिला आणि झालं.

ब्राझील तेव्हा पांढऱ्या जर्सीत खेळायचा, हरल्यावर ती पनवती वाटायला लागली, मग एका पेपरने नव्या जर्सीची स्पर्धा लावली. त्यातून आली ही पिवळी, वर्ल्डकप आला की आमच्या कोल्हापुरात पेठापेठांत दिसते ना, तीच. जिंकणारा होता आल्दिर श्ली, उरुग्वेच्या हद्दीला लागून असलेल्या गावचा पोरगा, आणि सपोर्ट कुणाला करायचा? उरुग्वेला!