रानरासबेरी परसात लावताना

महाबळेश्वर-पाचगणीच्या उतारांवर, जाळीत जाळी गुंतलेली ही काटेरी झुडुपं. खोडावर पांढरी भुकटी, राख चोळल्यासारखी. पान उलटलं की खालून पांढरी लव. शास्त्रीय नावातलं 'निव्हियस' म्हणजे बर्फासारखं पांढरं. रुबस निव्हियस, आपली रानरासबेरी.

बी उगवायला फार वेळ लावतं, म्हणून रोप शेंड्यापासून करायचं. श्रावणात लांब, वाकलेला फोक निवडा. त्याचा शेंडा 8 ते 10 सेंटिमीटर खोल, डोकं खाली करून मातीत पुरा आणि वर दगड ठेवा. ओल टिकली तर महिन्याभरात मुळं धरतात. नवा कोंब वर आला, की जुन्या फोकाचा वीतभर तुकडा ठेवून कापा आणि मुळांभोवतीच्या मातीसकट उचला.

खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल. त्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत, दोन रोपांत सहा फूट अंतर. पाणी तुंबणारी जागा नको. तिथं मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडतात. मग लोक पाणी कमी पडलं समजून आणखी ओततात! मैदानी भागात दुपारची सावली हवीच.

आधाराला खांब रोवून दोन तारा ओढा, अडीच आणि पाच फुटांवर. रोपामागे चार-पाच फोक पुरेत. नवा फोक कमरेएवढा झाला, की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात आणि फळ त्यांवरच येतं.

खरी चूक छाटणीत होते. एक फोक एकदाच नीट फळतो, मग वाळतो. फळं संपली, की तो जमिनीलगत कापायचा. जीव होत नाही म्हणून ठेवला, तर वर्षभरात आत हात घालता येणार नाही अशी जाळी होते. वारा खेळत नाही, बुरशी येते. कातडी हातमोजे घाला, काटे आकड्यासारखे मागे वळलेले असतात.

फोकांचे शेंडे जमिनीला टेकू देऊ नका, टेकतील तिथं रुजतील. गॅलापागोस बेटांवर बाहेरून नेलेली हीच वनस्पती आज तापदायक तण आहे. तिथं ती पसरवली मुख्यतः पक्ष्यांनी.

इथंही बुलबुल तुमच्या आधी येतात, म्हणून फळ रंगू लागताच जाळं टाका. लाल फळ आंबट असतं, ओढलं तरी सुटत नाही. काळं झालं की बोट लागताच टोपीसारखं निघतं. सकाळी तोडा, पसरट ताटलीत एकाच थरात ठेवा. एकावर एक रचलं तर संध्याकाळी तळाशी रसच उरतो.