कुणाचं शरीर, कुणाची शिवी

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणुकीच्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'हे सरकार आंधळं आहे, बहिरं आहे, याला गरिबाचं दुःख दिसत नाही.' समोरून टाळ्या पडतात. पक्ष कोणताही असो, हे वाक्य सगळ्यांच्याच भाषणात असतं. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने सर्व राजकीय पक्षांना लेखी कळवलं की भाषणांत, लेखांत, प्रचारात समोरच्याचा दोष दाखवायला आंधळा, बहिरा, मुका, लंगडा, वेडा अशा अर्थाचे शब्द वापरू नका. त्यावर बऱ्याच जणांची प्रतिक्रिया होती, 'आता एवढंही बोलायचं नाही का? किती जपून बोलायचं माणसाने?' आज मला या प्रश्नाला उत्तर द्यायचं आहे, कारण विचारणारी माणसं वाईट नसतात. ती आपल्याच घरातली असतात.

घरातलं बोलणं आठवून पाहा. पोराचा पाय लागून तांब्या कलंडला की 'आंधळा आहेस का?' हाक मारली आणि सून आली नाही की 'बहिरी झालीस का?' कामाला उशीर केला की 'हात मोडलेत का तुझे?' वर्गात गणित चुकलं की 'मंद आहे नुसता.' यात अपंग माणूस कुठेच नसतो. ज्याला बोलतोय त्याचे डोळे, कान, हात, मेंदू सगळं शाबूत असतं. दोष असतो निष्काळजीपणाचा, आळसाचा, उद्धटपणाचा. आणि त्या दोषाला नाव आपण कुणाचं देतो? ज्याचा या भांडणाशी काही संबंध नाही, अशा माणसाच्या शरीराचं.

शिवाय ती तुलना खरीसुद्धा नाही. ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांशी बोलून बघा. तुमच्या ओठांकडे, भुवयांकडे, हातांकडे त्यांचं इतकं लक्ष असतं, की तितकं लक्ष देऊन आपलं बोलणं आपल्या घरातही कुणी ऐकत नाही. दिसत नसलेली बाई पायरी चढताना काठीने आधी अंदाज घेते, मग पाऊल टाकते. तांब्याला पाय लागतो तो ज्याला दिसतं आणि तरी जो बघत नाही त्याचा. निवेदन टेबलावर पडून असताना न वाचणारा अधिकारी आंधळा नसतो. त्याला वाचायचं नसतं, आणि हे त्याला सरळ तोंडावर सांगितलं पाहिजे. 'आंधळा' म्हटलं की त्याची सुटकाच होते, कारण न दिसण्यात कुणाचा गुन्हा नसतो.

मग म्हणींचं काय करायचं? 'वासरात लंगडी गाय शहाणी', 'आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं', सगळं पुसून टाकायचं? माझं मत नाही तसं. एकनाथ महाराजांनी आंधळा, पांगळा, बहिरा, मुका यांच्या तोंडून भारुडं लिहिली, ती गावोगाव म्हटली जातात, म्हटली जावीत. मुलांनी आंधळी कोशिंबीर खेळावी, लंगडी खेळावी. 'अंध' हा शब्द स्वतः वाईट नाही. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'नॅब', म्हणजे 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड', या संस्थेच्या नावातच अंध हा शब्द आहे आणि तिथल्या कुणाला त्याची लाज वाटलेली नाही. 'मी अंध आहे' हे एखादा माणूस जितक्या सहजपणे सांगतो, तितक्याच सहजपणे आपणही तो शब्द उच्चारावा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये एका हिंदी चित्रपटाबद्दलच्या खटल्यात हाच फरक केला. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने म्हटलं, की अपंगत्वाबद्दलचं जे हसू ऐकणाऱ्याची समज वाढवतं ते वेगळं, आणि जे त्या माणसाला खाली ढकलतं ते वेगळं. मला हा निकष फार उपयोगी वाटतो. एखादी म्हण तोंडावर आली, की ती कुणासमोर आणि कुणाबद्दल वापरतो आहोत, एवढं पाहावं.

आता नावांकडे येते. लुळा-पांगळा झालं, मग अपंग आलं, विकलांग आलं. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरूनच, 'मन की बात'मध्ये, 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. आज तो सरकारी कागदावर, लोकलच्या डब्यावर, प्रमाणपत्रावर आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग उभा केला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण अपंगांच्या अनेक संघटनांनी त्या शब्दाला तेव्हाच हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला रॅम्प हवा, नोकरी हवी, देव्हाऱ्यातली जागा नको. काहींना तोच शब्द आवडतो, कारण त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी मानाने हाक मारली असं वाटतं. मी या वादात कुणालाच खोटं पाडणार नाही. ज्याचं नाव त्याने सांगावं आणि आपण त्याच नावाने हाक मारावी.

एक गोष्ट मात्र इतिहास सांगतो. विलायतेत सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा नसणं, असलेल्यांसाठी 'स्पास्टिक्स सोसायटी' नावाची मोठी संस्था होती. तिथल्या शाळांच्या मैदानावर पोरं एकमेकांना 'स्पास्टिक' म्हणून चिडवायला लागली, तो शब्द शिवी होऊन बसला, आणि १९९४ मध्ये संस्थेला नाव बदलून 'स्कोप' करावं लागलं. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सुरू केलेल्या 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया'चंही आज 'अडॅप्ट' असं नाव आहे. आपल्या मराठीत 'मतिमंद' शब्दाचं हेच झालं. 'खुळा', 'वेडसर' असं सर्रास म्हटलं जायचं, त्या मानाने हा शब्द सभ्य होता. शाळांच्या पाट्यांवर तो आला. मग शेजारच्या शाळेतल्या मुलांनी त्यातला 'मंद' उचलला आणि एकमेकांना फेकून मारायला सुरुवात केली. आता 'बौद्धिक अक्षम' म्हणा, 'विशेष मूल' म्हणा. शहरातल्या मोठ्या मुलांच्या तोंडी 'ए, स्पेशल आहेस का?' हे टोमण्यासारखं यायला लागलंच आहे. ज्या आईने या मुलाला भरवलं, न्हाऊ घातलं, शर्टाचं बटण लावायला दोन-दोन वर्षं शिकवलं, तिच्या कानावर हे शाळेच्या फाटकाबाहेर पडतं. पाटी बदलली आणि त्या मुलाला कुणी वाढदिवसाला बोलावलं नाही, तर नवा शब्दही मळणारच. तरीही पाटी बदलावी लागते, कारण तेवढी वर्षं तरी त्या आईला जरा सुखाने चालता येतं.

'मूकबधिर' हा शब्द तर सोडूनच द्यायला हवा. ज्याला जन्मापासून ऐकू येत नाही त्याच्या स्वरयंत्रात बहुधा काहीच बिघाड नसतो. आवाज कानावर पडला नाही म्हणून बोली भाषा आली नाही, एवढंच. आणि खुणांची भाषा ज्याला येते तो मुका कसा? कर्णबधिर म्हणा, किंवा बधिर म्हणा. अजून कितीतरी फाटकांवर 'मूकबधिर विद्यालय' अशी पाटी आहे. ती उतरवायला फारसा खर्च येत नाही.

'वेडा' म्हणून दिलेल्या शिव्यांनी होणारं नुकसान मला सगळ्यांत मोठं वाटतं. 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला नेऊन सोडा', असं आपण हसत हसत म्हणतो. येरवडा आणि ठाणे इथे मनोरुग्णालयं आहेत, तिथे माणसं बरी होतात, डॉक्टर आणि परिचारिका राबतात. पण लहानपणापासून ते गाव फक्त चेष्टेत ऐकलेलं असतं. मग कॉलेजातल्या मुलीला रात्र रात्र झोप लागेना, कानात आवाज येऊ लागले, तरी ती घरी बोलत नाही. आई-वडिलांच्या लक्षात आलं तरी ते आधी देवऋषी गाठतात, मग नात्यातल्या कुणाला कळू नये म्हणून दुसऱ्या शहरातला डॉक्टर. यात जे महिने जातात ते उपचाराचे असतात.

माझ्या धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाला. पायाला आधाराच्या पट्ट्या, म्हणजे कॅलिपर, लावून तो शाळेत जायचा. गावात त्याचं नावच 'लंगड्या' पडलं. कुणी द्वेषाने म्हणत नव्हतं, हाकच ती होती. तो बारावीला चांगल्या गुणांनी पास झाला तेव्हा अभिनंदनाला आलेले गृहस्थही अंगणातून ओरडले, 'कुठाय आमचा लंगड्या?' त्यांनी पेढ्यांचा पुडा आणला होता. भाऊ बाहेर आला, पाया पडला, पेढा घेतला. शिकून तो शहरात नोकरीला लागला आणि गावी येणं त्याने कमी केलं. आईला वाटायचं, प्रवासाचा त्रास होत असेल. आपल्या देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, पुढच्या पिढ्या त्या आजारातून सुटल्या, पण त्या हाकेची सवय सुटलेली नाही. कुणाला 'चकण्या', कुणाला 'तोतऱ्या', कुणाला 'थोट्या'. आज कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९२ सांगतं, की चारचौघांत, मानहानी करण्याच्या हेतूने अपंग व्यक्तीचा मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. पण पेढे घेऊन आलेल्या माणसाला कायदा लावणार कोण? त्याला घरातल्याच कुणीतरी बाजूला घेऊन सांगावं लागतं, 'काका, त्याला त्याच्या नावाने हाक मारा.' हे आम्ही तेव्हा सांगायला हवं होतं असं मला आज ठामपणे वाटतं.

आणि एकही वाईट शब्द न वापरता झालेला अपमान? एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाई विचारते, 'जन्मापासून का हो? मागच्या जन्मीचे भोग, दुसरं काय.' लग्नाच्या पंगतीत वाढपी व्हीलचेअरवरच्या मुलीला सोडून तिच्या भावाला विचारतो, 'यांना श्रीखंड चालतं का?' बीबीसीच्या रेडिओ ४ वर १९७७ ते १९९८ अशी बरीच वर्षं अपंगांसाठी एक कार्यक्रम चालायचा. त्याचं नावच होतं, 'हे साखर घेतात का?' सोबतच्या माणसाला विचारला जाणारा तो प्रश्न तिकडेही इतका रोजचा होता, की सगळ्यांना नावातच विषय कळायचा.

तर काही साध्या गोष्टी. बोलायचं त्या माणसाशी बोला, सोबत्याशी नाही. रस्ता ओलांडायला अंध व्यक्तीचा दंड धरून ओढू नका. 'मदत हवी का?' विचारा आणि तुमचा हात त्यांना धरू द्या. व्हीलचेअर हा त्या माणसाच्या अंगाचाच भाग समजा, न विचारता ढकलू नका. कर्णबधिर माणसासमोर ओरडू नका, तुमच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं उभं राहा. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाचा सत्कार ठेवलात तर व्यासपीठाला रॅम्प आहे का ते आदल्या दिवशी पाहा. पाहुणे पायऱ्या चढून वर आणि सत्कारमूर्तीला चौघांनी उचलून वर, हे फोटोत छापून येतं.

शेवटी, आई-वडिलांसाठी. बाजारात तुमचं चार वर्षांचं मूल मोठ्याने विचारतं, 'आई, त्या काकांचा पाय असा का?' आपण त्याचा हात दाबतो, 'गप्प बस' म्हणतो, मान वळवून पुढे निघतो. काकांनी प्रश्नही ऐकलेला असतो आणि आपलं दबकं 'गप्प'ही. मुलाला कळतं ते एवढंच, की तो पाय ही बघू नये, बोलू नये अशी काहीतरी वाईट गोष्ट आहे. त्यापेक्षा थांबा. 'काकांचा पाय तसा आहे, म्हणून ते कुबडी घेऊन चालतात. तुला त्यांच्याशी बोलायचं आहे का? चल, आधी नमस्कार कर आणि नाव विचार.' काकांना बोलायचं नसेल तर ते तसं सांगतील. बहुतेक वेळा ते मुलाला नाव सांगतात, त्याचं नाव विचारतात, आणि कुबडी हातात धरून बघू देतात.

नमस्कार.